ऊन अजून कच्चं आहे

दर वसाहतीत एक असं घर असतं, जिथं चहाची कपबशी टेकवायला जागा मिळत नाही. टेबल भरलेलं नसतं. त्यावर एक कंदील, एक अडकित्ता आणि अर्धवट कातरलेली सुपारी, एवढंच असतं. पण आपण कप ठेवायला वाकलो, की आतून आवाज येतो, "हात लावू नका! सेट आहे."

पुरुषोत्तमनगरात त्या घराच्या मालकाला सगळे आप्पा म्हणतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळची ही साखर कारखान्याची वस्ती. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधे ऊस, केळी, पपई. पी. के. अण्णा पाटलांनी उभारलेल्या सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती ती वाढली. त्यामुळे पाडवा चैत्रात येत असला, तरी इथलं वर्ष खरं सुरू होतं ते गळीत हंगामाला. आप्पांची सारी नोकरी स्टोअरमध्ये गेली. बेअरिंग किती आले, ग्रीसचे डबे किती गेले, शिल्लक काय. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थाला जातात. दक्षिणकाशी म्हणवणारं प्रकाशा तर इथून अगदी जवळ. आप्पा माळ्यावर गेले.

माळ्यावरून पहिल्यांदा एक पितळी घंगाळ खाली आलं. मग बिनझाकणाची चरवी, फुंकणी, चिमणी, खलबत्ता, सोऱ्या, पानाचा डबा आणि लाकडी खडावांची जोडी. खडावा दोन्ही डाव्या पायाच्या निघाल्या, तर आप्पांना त्याचाच आनंद. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, त्यानं मोठा कॅमेरा घेतला आणि जुना इथं ठेवला. तोही त्याच माळ्यावर होता. या दोन गोष्टींची तिथं गाठ पडली आणि आप्पांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या, घरातली निम्मी भांडी स्वयंपाकातून कायमची उठली.

आप्पांचा दिवस खिडकीपाशी सुरू होतो. कोठीच्या खोलीची पूर्वेची खिडकी हा त्यांचा स्टुडिओ. तिच्यावर वडिलांचं जुनं धोतर ताणून बांधलेलं आहे, कारण धोतरातून आलेलं ऊन मऊ पडतं, असा त्यांचा शोध आहे आणि तो खराही आहे. समोर पाट, पाटावर घोंगडी, घोंगडीवर वस्तू. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा, म्हणजे काळोखात गेलेली कड थोडी उजळते. एवढं मांडून आप्पा बनियनवर उभे राहतात आणि वाट बघतात. कुणी विचारलं, "काय आप्पा, काय करून राहिले?" तर उत्तर ठरलेलं असतं : "ऊन अजून कच्चं आहे."

आप्पांच्या शास्त्रात उन्हाच्या तीन अवस्था आहेत. सहा-साडेसहाचं ऊन कच्चं. मग साधारण वीस मिनिटं ते पिकलेलं असतं. त्यानंतर ते करपतं. वैशाखात तर ते बघता बघता करपतं, हे खानदेशात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. या वीस मिनिटांत घरातल्या कुणी नळ सोडायचा नाही, दार आपटायचं नाही, आप्पांना हाक मारायची नाही. आणि सर्वांत मुख्य, पंखा लावायचा नाही. कॅमेऱ्याचं छिद्र लहान केलं की वस्तू पुढपासून मागपर्यंत रेखीव येते, पण मग उजेड आत यायला वेळ लागतो. दोन-दोन सेकंद. तेवढ्यात पंख्यानं घोंगडीचं एक सूत हललं तरी सगळं वाया. म्हणून मे महिन्यात आप्पांकडे सकाळी गेलेला पाहुणा वर्तमानपत्रानं वारा घेत बसतो, आणि तोही आप्पांच्या दिशेनं घ्यायचा नाही.

हंगामात आणखी एक शत्रू वाढतो. उसानं भरलेल्या डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर रस्त्यानं गेला की जमीन थरथरते आणि त्यावरचं गाणं दोन गल्ल्या ऐकू येतं. आप्पा बटण दाबायला बोट पुढं करतात, कान रस्त्याकडे लावतात, बोट मागं घेतात. ट्रॅक्टर जातो. बोट पुढं येतं. दुसरा ट्रॅक्टर येतो. तोवर ऊन करपतं.

पितळेची अडचण वेगळी. पितळ आरशासारखं सगळं दाखवतं. सुरुवातीच्या काळातल्या आप्पांच्या प्रत्येक तांब्यात, नीट पाहिलं तर, पट्ट्यांच्या पायजम्यातले एक छोटे गोलमटोल आप्पा उभे आहेत. कळशीत ते रुंद आहेत, फुलपात्रात उंच आहेत. मुलानं फोनवर ते दाखवून दिलं, तेव्हा आप्पांनी काकूंच्या काळ्या चंद्रकळेला मधोमध भोक पाडलं आणि त्यातून फक्त भिंग बाहेर काढलं. चंद्रकळा काकूंच्या संक्रांतीची होती. त्या आठवड्यात आप्पांच्या घरात कुणाचेच फोटो निघाले नाहीत.

काकूंचं आणि आप्पांचं खरं भांडण मात्र धुळीवरून आहे. काकूंच्या हातात पीतांबरीचा डबा असतो आणि आप्पांच्या चेहऱ्यावर तो डबा पाहून येणारी कळा असते. "पुसू नको! वस्तूचं वय घासून जातं," हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. भांड्यावरचा हिरवट कळंक, बुडाची काजळी, कल्हई उडालेले चट्टे, हे त्यांना हवं असतं. काकूंचं म्हणणं असं, की कल्हई उडालेलं भांडं चारचौघांना दाखवणं म्हणजे माझ्या घराची अब्रू वेशीवर टांगणं. त्यांच्या लहानपणी कल्हईवाला अंगणात भाता लावून बसायचा, तापल्या भांड्यात नवसागर टाकायचा, धूर निघायचा, मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानं असं चकचकीत करायचा की आत तोंड दिसावं. "त्याचा फोटो काढायचा होतात," काकू म्हणतात. "आता उडालेल्या कल्हईचा काय काढता?"

खरं तर जुनं म्हणजे काय, यावरच दोघांचं एकमत नाही. आप्पांनी एकदा धान्याची मापं उतरत्या क्रमानं मांडली. पायली, शेर, मापटं, चिपटं, कोळवं, निळवं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे हिशेब त्यांना काकूंनीच सांगितले. आप्पा पाहुण्यांना सांगू लागले, की 1956 च्या कायद्यानं देशात दशमान मापं आली आणि ही परंपरा लोप पावली. एवढ्यात काकू आल्या, रांगेतून मापटं उचललं, दळणाची दादर मोजली आणि धुऊन परत ठेवलं. "लोप पावलेलं मापटं जागेवर ठेवलंय," त्या म्हणाल्या, "उद्या परत लागेल."

दादर ही आपल्याकडची रब्बीची ज्वारी, हे आप्पांना नोकरीभर माहीत होतं; तिचे दाणे फोटोत फार शोभतात, हे निवृत्तीनंतर कळलं. त्यांच्या रचनेत नेहमी काहीतरी सांडलेलं असतं. आणि ते चुकून सांडल्यासारखं दिसावं म्हणून आप्पा चिमट्यानं एकेक दाणा लावत तासभर बसतात. वस्तू तीन किंवा पाच. चार कधीच नाहीत, "चार मांडले की दुकान वाटतं." वरवंटा पाट्यावर तिरपा. कंदील किंचित मागं, आणि त्यावरची 'प्रभाकर' ही अक्षरं समोर. तो कंदील आप्पांचा सर्वांत लाडका. स्वदेशीच्या काळात कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी काचकारखाना काढला, त्या ओगलेवाडीचा तो. कंदिलाची मूळ काच शाबूत असल्यानं त्याला माहेरवाशिणीसारखं जपलं जातं. काकूंना सून नाही. असती तर तिला एवढं मिळालं नसतं, असं शेजारच्या बायका म्हणतात.

माणसांचे फोटो आप्पा काढत नाहीत. "माणूस हलतो, डोळे मिटतो, वर म्हणतो मला गोरं काढा. घंगाळ असं म्हणत नाही." यात ते एकटे नाहीत, हेही ते सांगतात. फोटोग्राफी जन्मली तेव्हा एका चित्राला मिनिटंच काय, तासही लागत. तितका वेळ न हलता बसणारी गिऱ्हाइकं म्हणजे भांडीकुंडी. इंग्लंडच्या फॉक्स टॅल्बटनं 1844 मध्ये फोटो चिकटवलेलं पुस्तक हप्त्याहप्त्यानं काढायला घेतलं. त्यात त्यानं फडताळात मांडलेली चिनी मातीची भांडी छापली, उघड्या दाराला टेकवलेला खराटाही छापला. भांड्यांच्या फोटोखाली त्यानं लिहिलं, की उद्या चोरानं हा माल नेला तर हे चित्र कोर्टात मुकी साक्ष देईल. आप्पांना ही गोष्ट भारी प्रिय. स्टोअरच्या माणसाला फोटोग्राफी आवडण्याचं कारणच त्यात आहे : शिल्लक मालाची नोंद. त्यांच्या प्रत्येक फोटोमागं आजही वस्तूचा क्रमांक, आवक तारीख आणि शेरा असतो. 'सोऱ्या, पितळी, चकती एक कमी.'

दुसरा त्यांचा माणूस म्हणजे प्रागचा योसेफ सुदेक. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. पुढं एका हातानं तो अवजड कॅमेरा वाहायचा आणि आपल्याच खोलीच्या खिडकीत पाण्याचा ग्लास, पाव, अंडं ठेवून वर्षानुवर्षं फोटो काढायचा. हे सांगताना आप्पांचा आवाज खरंच कातर होतो, आणि त्यांची खिडकी, धोतर आणि मांडलेला पाट एकदम वेगळे दिसू लागतात. तिसरा अमेरिकेचा एडवर्ड वेस्टन. त्यानं 1930 साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून फोटो काढला, तो जगभर गाजला. नंदुरबार जिल्ह्यात मिरचीचा विषय निघाल्यावर काकू गप्प बसणं शक्य नव्हतं. "मग त्या मिरचीचं केलं काय त्यानं?" आप्पांना खरं सांगणं भाग पडलं. वेस्टन फोटो झाल्यावर आपल्या मिरच्या खात असे. त्यानंच तसं रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. "बघा," काकू म्हणाल्या आणि पाटावरची भरताची वांगी उचलून घेऊन गेल्या.

आप्पांची काशी मात्र पुण्यात आहे, राजा दिनकर केळकर संग्रहालयात. केळकरांचा घरचा धंदा चष्म्यांचा. 'म्हणून तर नजर', हा आप्पांचा विनोद, आणि तो ते दर वेळी नव्यानं करतात. दिवे, अडकित्ते, कातीव दरवाजे, पाय घासायच्या वज्र्या, असं जे जे लोकांनी अडगळीत टाकलं ते या माणसानं गावोगाव फिरून जमवलं, अकाली गेलेल्या मुलाचं नाव संग्रहाला दिलं आणि पुढं सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. आप्पा तिथं जाऊन आले की घरात आठवडाभर ताण असतो, कारण ते प्रत्येक वस्तूकडे 'केळकरांनी हे घेतलं असतं का?' अशा नजरेनं बघतात. त्या नजरेतून काकूंचा चालू मिक्सरही सुटत नाही. सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत सगळं जग घोडे बघायला जातं. आप्पा गंजकी रिकीब घेऊन परत येतात.

सकाळी साडेआठला वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतो. खाली 'आठवण' आणि क्रमांक. मग 'अप्रतिम', जोडलेले हात, गुलाब. आणि त्यानंतर ठरलेलं वाक्य : 'आमच्याकडे पण होतं, मोडीत दिलं.' स्टीलची लाट आली तेव्हा घरोघरच्या बायकांनी पितळ मोडीत घालून हलकी, बिनकल्हईची, न घासता चमकणारी भांडी आणली. आप्पा याला 'शोकांतिका' म्हणतात. काकू म्हणतात, "तुम्ही एकदा राख-चिंचेनं पंचवीस माणसांचं पितळ घासा, मग शोक करा."

आणि इथं आप्पांच्या जातीच्या माणसाची खरी गंमत आहे. ज्या वस्तूंवर त्याचा इतका जीव आहे, त्यांतली एकही त्यानं उभ्या आयुष्यात वापरलेली नसते. फुंकणीचं कोणतं टोक चुलीकडे असतं, हे आप्पा साठी उलटल्यावर शिकले. त्यांनी जात्याचा एक सुंदर फोटो काढला. तिरपं ऊन, दगडाचा प्रत्येक खड्डा दिसतोय, कडेला दादरचे एकवीस दाणे. मोठा करून चौकटीत बसवला. पलीकडच्या घरातली म्हातारी आजी चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. आप्पा कौतुकाची वाट बघत उभे. आजी म्हणाली, "फोटो झकास शे भाऊ. पन यामा दयन कोठे शे?" दयन म्हणजे दळण. मग तिनं सांगितलं, की खुंटा सैल आहे, जात्याला टाकी लावलेली नाही, आणि इतक्या दूर सांडलेला दाणा तिच्या सासूनं बघितला असता तर दळणारीची खैर नव्हती. आप्पांनी ते सगळं लिहून घेतलं. शेऱ्याच्या रकान्यात मावेना म्हणून मागं कागद जोडला.

तेव्हापासून त्यांचे शेरे वाढत गेले. आखाजीला तर कळसच झाला. अक्षय्यतृतीयेला आपल्याकडे माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात आणि खापरावरच्या पुरणपोळ्या होतात. आप्पांना नेमकं त्या दिवशी खापर हवं होतं; मातीचं, काळं, पालथं, तीन दगडांवर. चूल पेटलेली, पुरण वाटलेलं, चार बायका पदर खोचून उभ्या, आणि आप्पा म्हणतात, "पाच मिनिटं. ऊन अजून कच्चं आहे." काकूंच्या नणंदेनं दोन्ही हातांवर पसरलेली पोळी तशीच झुलवत आप्पांकडे पाहिलं आणि म्हणाली, "दादा, पोळी पिकलीय. सरका." ती पोळी आप्पांच्या कॅमेऱ्यावरून खापरावर पडली. फोटोत फक्त एक भलंमोठं पिवळसर पांढरेपण आलं. आप्पांनी तो काढून टाकला नाही. शेरा : 'खापर, वापरात.'

टॅल्बटसाहेबाची मुकी साक्ष मात्र एके दिवशी खरी ठरली. एका सकाळी ग्रुपवर तांब्या पडला. धोतरातलं ऊन, पिकलेलं, आणि काठाखाली टिंबाटिंबांनी ठोकलेलं नाव इतकं स्वच्छ की अंगठ्यानं वाचावं. पूर्वी लग्नाच्या पंगतीला गावभरची भांडी गोळा व्हायची. ज्याची त्याला परत जावीत म्हणून प्रत्येक भांड्यावर नाव ठोकलेलं असायचं. नवाच्या सुमारास गुलाब आले, हात जोडले गेले, आणि मग मागच्या गल्लीतून संदेश आला : 'आप्पा, फोटो छान. तांब्या आमचा आहे.'

फोटो मोठा करून पाहिला, तर आडनाव खरंच त्यांचं. कुठल्याशा जुन्या लग्नातून अदलाबदल झालेला तांब्या इतकी वर्षं आप्पांच्या घरात पाणी देत होता. त्यावरून दोन घरांतल्या सासवांचं कधीकाळी वाजलंही होतं, हे काकूंना माहीत होतं. आप्पांना नव्हतं, तेव्हा ते स्टोअरमध्ये बेअरिंग मोजत होते. ग्रुपवर शांतता पसरली. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. चोर पकडायला ठेवलेल्या साक्षीदारानं स्वतःच्याच मालकावर बोट ठेवलं, हे त्यांना सोसवेना.

संध्याकाळी काकूंनी तांब्या चिंचेनं घासला. आप्पा काही बोलले नाहीत. रिकामं भांडं परत करू नये, म्हणून त्यात गूळ भरला, वर दादरची मूठ. दोघं मागच्या गल्लीत गेले. तिथल्या वहिनींनी तांब्या हातात घेतला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "सासूबाईंचा." मग त्यांच्याकडूनही एक वाटी बाहेर आली. तिच्यावर आप्पांच्या आईचं नाव होतं. त्यांनीही ती इतकी वर्षं वापरली होती. सासवांचं वाजलं ते एकतर्फी नव्हतं म्हणायचं. चहा झाला, कोणत्या लग्नात घोटाळा झाला असेल यावर दोन तास खल झाला, आणि आप्पांनी एकही फोटो काढला नाही. घरी आल्यावर मात्र वहीत दोन ओळी लिहिल्या : 'तांब्या, जावक. वाटी, आवक. शिल्लक बरोबर.'

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर वाटी आली आणि प्रतिसादाचं रूपच बदललं. 'अप्रतिम' कमी झाले, प्रश्न वाढले. कुणाची आहे, कोणत्या लग्नातली, हे नाव वाचता येतंय का. लोक आपापल्या घरातली भांडी पालथी करून बघू लागले. दोन कळश्या, एक परात आणि एक डाव यांच्या मालकीचे वाद सध्या चालू आहेत, आणि प्रत्येक पक्ष पुरावा काढायला आप्पांनाच बोलावतो. आप्पा येतात, खिडकी बघतात, धोतर मागतात. हल्ली धोतर कुणाकडे नसतं, म्हणून ते स्वतःचं काखोटीला मारूनच निघतात.

तेव्हा हा माणूस तुमच्या घरी आला तर काही गोष्टी सांभाळा. पंखा आधीच बंद करा. घंगाळ घासायला घेतलं असेल तर लपवा. काळ्या साड्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावा. फुंकणी त्याच्या हातात दिलीत तर टोक सांगून द्या. घरात कुणी म्हातारी असेल तर तिला त्याच्या शेजारी बसवा आणि वही-पेन्सिल जवळ ठेवा. आणि तो माळ्याकडे बघत "शिडी आहे का?" असं विचारू लागला, तर नाही म्हणू नका. शिडी धरायला मात्र तुम्हीच उभे राहा. काकूंचे गुडघे दुखतात आणि वर म्हणे तांब्याचा बंब आहे.